कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर आणि माझं वाचन

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. बहुतेक स्पर्धा परीक्षांची. इतिहास, राज्यघटना, महाराष्ट्राचा भूगोल, मधूनच कायद्याचं एखादं जाडजूड पुस्तक. साताऱ्यात आमच्या घरी मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. दोन भिंतींवर गोधड्या टांगल्यात, टेबलावर माइक आणि शेजारी जुना डेस्कटॉप. वाचताना छताचा पंखा बंद ठेवावाच लागतो, आणि तो बंद झाला की कॅबिनेटमधला पंखा ऐकू यायला लागतो. मार्चपासून खोली जशी तापत जाते तशी त्याची घरघर वाढत जाते.

या घरघरीच्या मी एवढी मागे का लागले, ते आधी सांगते. माझ्याकडून नेहमी पुस्तकं घेणारा एक मुलगा आहे, एमपीएससीची तयारी करतो. ही मुलं सगळं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात. आठशे पानांचं पुस्तक वेळेत संपवायचं तर दुसरा इलाज नसतो. त्याला मी एकाच प्रकरणाच्या दोन फाइली पाठवल्या. एक जशी रेकॉर्ड झाली तशी, आणि दुसरी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावून साफ केलेली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ती धुतलेली नको. त्यात स, श, फ गळून पडलेत. वेग वाढवला की शब्दच कळत नाहीत."

"आणि पहिली?"

"पहिली कळते. पण मागे ती घरघर आहे ना, तासाभरात डोकं भणभणतं."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. नॉइज रिडक्शन म्हणजे आपण सॉफ्टवेअरला दोन-तीन सेकंदांची रिकामी शांतता नमुना म्हणून देतो, आणि त्या नमुन्याच्या पातळीचं जे काही सापडेल ते सॉफ्टवेअर खाली दाबतं. पंख्यातून सुटणाऱ्या हवेचा सूं-सूं आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्यांवर पसरलेला असतो. स, श, फ, ह ही अक्षरंही हवेचीच, आणि जोराने तशी क्षीण. पंखा पुसायला जावं तर त्याच्याबरोबर तीही पुसली जातात.

दुसरी अडचण सुराची. प्रोसेसरवरच्या पंख्याला सात पाती आहेत. वाचताना त्याचा वेग मिनिटाला 1780 फेऱ्यांच्या आसपास असायचा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 30 फेऱ्या, आणि दर फेरीला सात पाती एकाच जागेवरून जाणार. गुणाकार केला की 207 हर्ट्झ येतात. हार्मोनियमवर हा सूर काळी चारचा. लहानपणी गाणं शिकले तेव्हापासून माझी पट्टी काळी चार, त्यामुळे तो सूर मला कॅबिनेटमधूनही लगेच ओळखू आला. बाईच्या साध्या बोलण्याचा पायाही साधारण 200 हर्ट्झच्या आसपासच असतो. पंखा नेमका माझ्या आवाजाच्या बैठकीवर येऊन बसलेला. तो सूर फिल्टर लावून कापायचा तर माझा आवाजही पोकळ होतो.

म्हणून आवाज एकदा फाइलीत शिरला की तो काढायची किंमत उच्चारांत मोजावी लागते. जे करायचं ते कॅबिनेटमध्येच, रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी करायला हवं, या मताची मी तेव्हापासून पक्की आहे.

कॉम्प्युटर आवाज करतो म्हटलं की लोक नवा पंखा घ्यायला धावतात. माझं सांगणं आहे की आधी नीट ऐका. कॅबिनेटमध्ये आवाज करणाऱ्या चार-पाच गोष्टी असतात आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. त्यात डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. 40 डेसिबलचा एक आवाज आणि 30 डेसिबलचा दुसरा एकत्र केले तर होतात 40.4. याचा अर्थ 30 वाला पंखा पैसे खर्चून पार बंद केला तरी कानाला काही फरक कळणार नाही. सगळ्यात मोठा आवाज कुठला, तो आधी शोधायचा आणि त्याच्यापासून सुरुवात करायची.

शोधायला मी वर्तमानपत्राची लांब सुरळी केली. एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटच्या उघड्या बाजूपाशी, पात्यांपासून बेताच्या अंतरावर. प्रोसेसरचा पंखा, मागच्या जाळीवरचा पंखा, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, असं एकेक ऐकत गेले की कोण काय बोलतंय ते स्पष्ट वेगळं होतं. मग मशीन बंद करून मागच्या पंख्याची पिन काढली आणि पुन्हा चालू करून थोडा वेळ ऐकलं. मागचा पंखा थोड्या वेळापुरता नसला तरी चालतं. प्रोसेसरच्या पंख्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

कानाच्या जोडीला डोळेही लावले. खोलीत कोणी नसताना अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि ऑडॅसिटीत तिचा स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे त्याचा आलेख. खालच्या अंगाला टोकदार सुळके दिसले. 50, 100 आणि 150 हर्ट्झचे सुळके पंख्याचे नव्हेत, ते विजेचे. आपल्याकडे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे आणि त्याची गुणगुण वायरींतून, अर्थिंगमधून माइकच्या तारेत शिरते. 120 वरचा सुळका हार्ड डिस्कचा, कारण ती मिनिटाला 7200 फेरे फिरते, सेकंदाला बरोबर 120. 207 चा मालक तर माहीतच होता. शंका असेल तर एक साधी खूण आहे. पंख्याचा वेग बदलला की पंख्याचा सुळका सरकतो, विजेचा जागचा हलत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण अर्थिंगच्या गुणगुणीला पंखा समजून पंखे बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

या सगळ्या तपासात सगळ्यात मोठा ठरला तो मागच्या जाळीवरचा 120 मिलिमीटरचा पंखा. त्याचा सूर असा नव्हताच, कोरडी खरखर होती. थंड मशीन चालू केलं की पहिली काही मिनिटं जास्त, मग थोडी कमी. हे बेअरिंग कोरडं पडल्याचं लक्षण. स्वस्तातल्या पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे धातूचं एक बारीक नळकांडं, आपल्याकडे त्याला बुश म्हणतात. त्यात तेल मुरवलेलं असतं आणि पात्यांचा दांडा त्या तेलावर फिरतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेल उडून जातं, उरलेल्यात धूळ मिसळून चिकटा होतो, आणि दांडा बुशला घासायला लागतो.

पंखा काढला. चार स्क्रू असतात, जाड आट्यांचे. हातात घेऊन पात्यांना टिचकी मारली. चांगला पंखा टिचकीनंतर अलगद फिरत राहून सावकाश थांबतो. हा अर्ध्या फेरीत अडखळून उभा राहिला. मागचा गोल स्टिकर नखाने अर्धाच सोलला, पूर्ण काढला की पुन्हा नीट चिकटत नाही. खाली रबराची छोटी टोपी होती. ती टाचणीने उचलली तर आत दांड्याचं टोक, त्याला धरून ठेवणारी पांढरी प्लॅस्टिकची कडी, आणि भोवती काळपट, मधासारखं घट्ट झालेलं जुनं तेल. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ते टिपून घेतलं.

नवं तेल सासूबाईंच्या शिलाई मशीनचं. त्यांनी कुपी आणून दिली आणि शेजारीच उभ्या राहिल्या. "एकच थेंब हं," म्हणाल्या. "मशीनलासुद्धा जास्त घातलं की कापडाला डाग पडतात." पंख्यालाही तोच नियम. एक थेंब सोडला, पाती हाताने फिरवली, तेल आत ओढलं गेलेलं दिसलं, मग अजून अर्धा. जास्त झालं तर ते स्टिकरच्या गोंदात उतरतं आणि स्टिकर सुटून पात्यांत येतो. कडेचं तेल स्पिरिटने पुसलं, टोपी बसवली, स्टिकर दाबला, पुन्हा टिचकी मारली. पाती फिरतच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "झालं मोकळं," आणि कुपी घेऊन गेल्या.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी आवर्जून. खोबरेल घालू नका. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, आणि साताऱ्याच्या थंडीत सकाळी पंखा सुरूच व्हायचा नाही. स्वयंपाकाचं कुठलंच तेल नको, ते हळूहळू चिकट होतं. गंजलेले नटबोल्ट सोडवायचे स्प्रेही नकोत. त्यात बरंचसं द्रावण असतं, ते जुनं तेल धुऊन नेतं आणि स्वतः उडून जातं. दोन दिवस पंखा छान चालतो आणि मग आधीपेक्षा जास्त खरखरतो.

तेलाने खरखर गेली, पण बुश एकदा झिजला की झिजला. दिवाळीनंतर तो पुन्हा कुरकुरायला लागला तेव्हा मी पंखाच बदलला. त्याबद्दल पुढे.

आता प्रोसेसरचा पंखा, म्हणजे काळी चार. हा पंखा स्वतः ठणठणीत होता. तो जोरात फिरत होता कारण प्रोसेसर तापत होता, आणि प्रोसेसर तापत होता कारण हवा आत पोचतच नव्हती. पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची पाती यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर जमलेला. त्या थरात निम्मा कापूस होता. खोलीतला प्रतिध्वनी मारण्यासाठी टांगलेल्या गोधड्यांचा तो कापूस. गोधड्या काढणं शक्य नाही, त्यामुळे आता कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून पातळ नायलॉनची जाळी लावली आहे, आणि ती मी नेमाने धुते.

साफसफाई अंगणात. रंगाचा मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, एवढं पुरतं. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भलत्याच वेगाने गरगरतात आणि बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत फिरवायचा मोह टाळा, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

एवढं उघडलंच होतं म्हणून थर्मल पेस्टही बदलली, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरपर्यंत पोचवणारा मधला लेप. इंटेलच्या मूळ कूलरला चार खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाणाची खूण असते, त्या दिशेने पाव फेरा द्यायचा आणि वर ओढायची. खालची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. दाबल्यावर बोर्डाच्या मागून बघायचं, चारही खुंट्यांची टोकं पूर्ण बाहेर आलीत ना. एखादी अर्धवट बसली तर कूलर एका कोपऱ्यात उचलला जातो, प्रोसेसर तापतो, पंखा ओरडतो, आणि शिव्या पंखा खातो.

फरक लगेच दिसला. काम चालू असताना तापमान 80 च्या पुढे जायचं, ते 65 च्या आसपास स्थिरावलं. पंख्याचा वेग आपोआप उतरला. आणि वेग उतरला की आवाज किती उतरतो, हे ऐकण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने कमी होतो. 10 डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून पंख्याला जोरात फिरायचं कारणच उरणार नाही असं बघणं, हा मला सगळ्यात सरळ रस्ता वाटतो.

त्याच विचाराने विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" 100 होतं ते रेकॉर्डिंगच्या वेळेपुरतं 99 केलं. आकडा एकानेच कमी दिसतो, पण त्याने प्रोसेसरचा टर्बो बंद होतो, म्हणजे क्षणभर जास्त वेगाने धावून तापण्याची त्याची सवय थांबते. आवाज रेकॉर्ड करायला टर्बो लागतच नाही.

बायोसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, थोडं काम केलं. पंख्याचा वेग ठरवायच्या सोयीला कुठल्या बोर्डावर स्मार्ट फॅन म्हणतात, कुठे क्यू-फॅन. कान एकसारख्या आवाजाला सरावतो, वरखाली होणाऱ्या आवाजाला सरावत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्येही तो चढउतारच जास्त खुपतो. त्यामुळे 60 अंशांपर्यंत वेग एकच ठेवला, आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सोय होती ती चालू केली. आणखी एक: पंख्याची पिन तीन छिद्रांची असेल तर बायोसमध्ये त्या जागी डीसी निवडायचं, चार छिद्रांची असेल तर पीडब्ल्यूएम; वेग आवरायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. तीनवाल्याला पीडब्ल्यूएम दिलं की तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. पुष्कळांच्या घरी पंखा ओरडतो तो एवढ्याच कारणाने.

आता खरेदी. पुण्याला काम होतं तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांचे पंखे काढले. मी म्हटलं, दादा, दिवे नकोत, मला न ऐकू येणारा पंखा हवाय. त्याने माझ्याकडे बघितलं, आतून दोन खोकी आणली, 12 व्होल्टचा अडॅप्टर काढला आणि पंखे एकेक करून जोडून माझ्या हातात दिले. "ताई, कानाला लावून बघा. आवाज सगळेच करतात, टकटक कोण करतो ते ऐका." रस्त्यावरच्या गोंगाटात सूं-सूं काहीच कळत नव्हतं, पण कानापाशी धरल्यावर बेअरिंगची बारीक टकटक एका पंख्यात स्पष्ट होती. तो बाजूला ठेवला. दुसरा फ्लुइड बेअरिंगचा होता. त्यातही दांडा तेलावरच तरंगतो, पण तेल आतल्या आत फिरत राहतं, सहसा बाहेर जात नाही. मागच्या जाळीसाठी तो घेतला.

प्रोसेसरसाठी 120 मिलिमीटरच्या पंख्याचा उभा टॉवर कूलर घेतला. मोठा पंखा घ्यायचं कारण साधं आहे. तेवढीच हवा ढकलायला मोठ्या पात्यांना फार कमी फिरावं लागतं. मूळचा पंखा नव्वदच्या आसपासचा होता, तो जे काम 1780 फेऱ्यांत करायचा ते हा 800 च्या आसपास करतो. काळी चार गेली. घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी पट्टीने मोजून जा. हे टॉवर बरेचदा 155 ते 160 मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही.

उरली 120 हर्ट्झची हार्ड डिस्क. तिचा स्वतःचा आवाज थोडाच, पण तिचा कंप पत्र्यात उतरतो, पत्र्यातून टेबलात, आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये. वाचनाच्या फाइली आता एसएसडीवर, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर आहेत, आणि जुनी डिस्क बाहेरच्या डब्यात घालून फक्त बॅकअपच्या वेळी जोडते. मागचा पंखा बसवताना पंखा आणि पत्रा यांच्या मध्ये रबर घातलं. सिलिकॉनच्या तयार खुंट्या मिळतात, पण मी पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा आणला, त्याचे चौकोन कापून मधे भोक पाडलं. तेवढ्याने कंप थांबतो. कॅबिनेट टेबलावरून उतरवून खाली दुमडलेल्या सतरंजीवर ठेवलं. ज्यांचा पॉवर सप्लाय तळाला असतो आणि खालून हवा ओढतो त्यांनी असं करू नये, त्याचा श्वास कोंडतो. माझा वरच्या बाजूला आहे.

माइकही हलवला. माझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. त्याची पाठ बरोबर कॅबिनेटकडे येईल असं टेबल फिरवलं. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो, छोट्या खोलीत त्याहून थोडा कमी, पण उतरतो.

ऑडिओबुकच्या धंद्यात शांततेची पातळी उणे 60 डेसिबलच्या खाली मागतात. रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आवाज शून्य धरून खाली मोजतात, म्हणून आकडा उणे. माझी आधी उणे 50 च्या वर असायची, आता सकाळी छताचा पंखा बंद करून उणे 63 मिळते. दुपारी खोली तापली की दोन-तीन डेसिबल वर जाते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी सहा ते नऊ वाचते. त्या मुलाला राज्यघटनेचं नवं प्रकरण पाठवलं, नॉइज रिडक्शन न लावता. त्याने ते दुप्पट वेगाने ऐकलं आणि कलम 32 आणि कलम 226 मधल्या फरकाबद्दल मला प्रश्न विचारला. आवाजाबद्दल काहीच बोलला नाही.

आता सुरळी लावून ऐकलं तर पॉवर सप्लायचा पंखा सगळ्यात मोठा आहे. तो डबा मी उघडलेला नाही आणि तुम्हीही उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ विजेने भरलेले असतात आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. बाहेरच्या जाळीवरून ब्रश फिरवते, तेवढंच. तो खरखरायला लागला की अख्खा सप्लाय बदलायचा, असं ठरवून ठेवलंय.